अभियांत्रिकी डिझाइन आणि व्यावसायिक संवाद : पहिल्या वर्षाचे एकत्र अध्यापन

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र व आरेखन एकीकडे आणि 'संवादकौशल्य' दुसरीकडे, अशी विभागणी सामान्यतः आढळते. त्यामुळे काम आधी पूर्ण होते व लेखन हे नंतरचे ओझे, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात 1990 च्या दशकात सुरू झालेला अभ्यासक्रम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

स्वरूप

येथे अभियांत्रिकीचा एक व लेखनाचा एक असे दोन शिक्षक मिळून एकच वर्ग शिकवतात. विद्यार्थ्यांचे छोटे गट खऱ्या गरजूंसाठी काम करतात. शिकागोच्या पुनर्वसन रुग्णालयाने असे अनेक प्रकल्प दिले आहेत. गट प्रथम रुग्ण व उपचारतज्ज्ञांच्या मुलाखती घेतो, गरजा लिहून काढतो, पुठ्ठ्यासारख्या साध्या साहित्याचा कच्चा नमुना करून तो वापरणाऱ्याला दाखवतो आणि त्याच्या अभिप्रायानुसार बदलतो. शेवटी लेखी अहवाल व तोंडी सादरीकरण असते.

संवाद हा डिझाइनचाच भाग

'साधन हलके असावे' ही केवळ इच्छा झाली. 'वजन 500 ग्रॅमपेक्षा अधिक नसावे' ही तपासता येणारी अट होय. नेमके लिहिताना विचारही नेमका होतो. याउलट, 1999 मध्ये 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान नष्ट झाले, कारण एका गटाने आकडे पाउंडात दिले व दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये आहेत असे गृहीत धरले. गणित येत होते. एकक कळवायचे राहिले.

हा विचार नवा नाही. अल-जझरी यांनी 1206 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात 50 यंत्रांची रचना आकृत्या, अक्षरखुणा व मापांसह सांगितली. त्या वर्णनावरून 1976 मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यांचे जलघड्याळ पुन्हा उभारता आले.

आपल्या वर्गासाठी

मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीच्या धास्तीने गप्प राहतो आणि त्याची चांगली कल्पना वहीतच राहते. म्हणून मुलाखत व पहिली टिपणे त्याच्या भाषेत होऊ द्यावीत. इंग्रजी अहवाल त्यावरून टप्प्याटप्प्याने घडवावा. महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर व्हीलचेअरसाठी उतार करणे, एवढा लहान प्रकल्पही पुरेसा आहे. मात्र गुणदान दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून करावे. तसे झाले, तरच विद्यार्थ्याला या दोन गोष्टींचे नाते पटेल.