लागू नसेल ते खोडावे

सरकारी फॉर्मवर ही ओळ हमखास असते. माझे वडील फूटपट्टी लावून खोडायचे. मी प्रोग्रामर झाले तेव्हा तीच ओळ मला 'वनऑफ' या नावाने पुन्हा भेटली.

दोन संगणकांनी एकमेकांना निरोप धाडायचा तर त्याचा नमुना आधी ठरलेला हवा. गूगलने 2008 मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या 'प्रोटोकॉल बफर्स'मध्ये आपण फक्त हा नमुना लिहितो. निरोप बांधण्या-सोडण्याचा जावा, पायथन किंवा गो भाषेतला कोड कंपायलर स्वतःच तयार करतो. नमुन्यातले काही रकाने 'वनऑफ'मध्ये घातले की त्यांतला एकच भरलेला राहतो. समजा, 'रोख' आणि 'यूपीआय' असे दोन रकाने आहेत: रोख भरलं आणि मग यूपीआय भरलं, की रोख मुकाट पुसलं जातं. निरोपाच्या पाकिटात खोडलेलं काहीच जात नाही. भरलेल्या रकान्याचा क्रमांक आणि त्यातला मजकूर, एवढंच. एकाच वनऑफमधले दोन रकाने आलेच, तर शेवटचा खरा धरतात.

पुण्यात मी घरपोच मालाच्या एका प्रणालीवर काम करत होते. पैसे कसे मिळाले यासाठी तीन रकाने: रोख, कार्ड, यूपीआय. मी लिहिलं होतं, रोख रक्कम शून्याहून जास्त असेल तरच रोख समजा. एका बाईंनी सगळे पैसे आगाऊ भरले होते. माल देणाऱ्या मुलाने दारात रोख 0 अशी नोंद केली, ती बरोबरच होती. माझ्या कोडने मात्र 'काहीच भरलेलं नाही' असं वाचलं आणि बाईंना थकबाकीचा फोन गेला. त्याची मला अजून लाज वाटते, कारण वनऑफ 0 आणि कोरा रकाना यांतला फरक नीट जपतो. मी आधी 'कोणता?' विचारायला हवं होतं, मग 'किती?'. पायथनमध्ये त्यासाठी 'व्हिचवनऑफ' असतं. गोमध्ये प्रत्येक पर्यायाचा वेगळा टाइपच तयार होतो.

पुढे आम्ही कूपनचा चौथा रकाना जोडला. फोनमधल्या जुन्या ॲपला तो क्रमांक ठाऊक नव्हता, म्हणून तिथे उत्तर आलं: काहीच भरलेलं नाही. खरंच कोरं आहे की नव्या आवृत्तीतलं काही आलंय, हे जुन्या कोडला त्या उत्तरावरून कळत नाही. म्हणून 'यांपैकी काही नाही' ही शाखा मी आता सगळ्यात आधी लिहिते. तिथे 'थकबाकी' हा शब्द नसतो. 'ओळखता आलं नाही' अशी नोंद होते आणि निरोप माणसाच्या टेबलावर जातो.