तेलविहिरींचे आम्लीकरण आणि त्याच्या फलाची परीक्षा

विहिरीत आम्ल सोडल्यावर उत्पादन वाढले, म्हणजे आम्लाने खडक सुधारला, असे अनुमान सर्रास काढले जाते. ते घाईचे आहे.

हरमन फ्राश यांना या पद्धतीचे अमेरिकन पेटंट १८९६ मध्ये मिळाले. चुनखडीवर हायड्रोक्लोरिक आम्लाची क्रिया होऊन विद्राव्य कॅल्शियम क्लोराइड, पाणी व कार्बन डायऑक्साइड निर्माण होतात. पंधरा टक्के तीव्रतेचे एक घनमीटर आम्ल सुमारे २२० किलोग्रॅम चुनखडी विरघळविते. मात्र ते पोलादी नळही खाते. १९३२ मध्ये मिशिगनमध्ये आर्सेनिकयुक्त गंजरोधक वापरला गेला, तेव्हाच ही पद्धत रूढ होऊ लागली.

आता प्रश्न असा की, इतक्या थोड्या खडकाने फरक किती पडावा? विहिरीची त्रिज्या ०.१ मीटर व तिच्या पाणलोटासारख्या तेलक्षेत्राची ३०० मीटर धरू. वेधनाच्या चिखलामुळे ०.५ मीटर त्रिज्येपर्यंत पार्यता एकदशांश झाली असल्यास, हॉकिन्स यांच्या १९५६ च्या सूत्राने ‘त्वचा-गुणांक’ सुमारे १४.५ येतो. हा अडथळा पूर्णपणे दूर केल्यास, दाबांतर तेच असता, उत्पादन २.८ पट होते. याउलट, मुळात निकोप असलेल्या विहिरीत त्याच पट्ट्याची पार्यता दहापट केली, तरी वाढ जेमतेम २२ टक्के! आम्ल हे प्रामुख्याने रोगनिवारक आहे, बलवर्धक नव्हे.

म्हणून केवळ पिंपांचा हिशेब पुरत नाही. पृष्ठभागावरील झडप अधिक उघडली तरीही तो आकडा वाढतो. आम्लीकरणापूर्वी व नंतर विहीर काही काळ बंद ठेवून दाबाची पुनर्वृद्धी नोंदवावी आणि हॉर्नर यांच्या पद्धतीने आलेख काढावा. सरळ रेषेचा उतार, प्रवाह-दर हिशेबात घेता, दूरच्या खडकाची पार्यता सांगतो. ती दोन्ही वेळा जवळपास तीच यावयास हवी. घटावयाचा तो त्वचा-गुणांक. पार्यताच बदललेली दिसली, तर मोजणीत चूक आहे किंवा आम्लाने एखादा नवा थर उघडला आहे, असा संशय घ्यावा. शिवाय विहीर तेलथरात अर्धवटच शिरली असेल, तर गुणांकाचा तेवढा भाग भूमितीमुळे आलेला असतो. तो आम्लाने जात नाही.

१९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायसारख्या थरयुक्त चुनखडीत आणखी एक अडचण संभवते. आम्ल सुलभ वाटेनेच जाते. ज्या थराला त्याची गरज नाही तोच ते पिऊन टाकतो, आणि तो पाण्याचा असल्यास पाणीच वाढते. संपूर्ण विहिरीचा एकच गुणांक हे लपवितो. ते उघडकीस आणण्यास विहिरीत प्रवाहमापक उतरवून प्रत्येक थराचा वाटा स्वतंत्रपणे मोजावा लागतो.