कमानीतून दिसणारा समुद्र

मुलांनो, सहलीला गेल्यावर आपण सगळेच फोटो काढतो. घरी येऊन ते पाहिले की मनात येते, तिथे जे दिसले ते यात कुठे आहे? माझेही एकदा असेच झाले.

काही वर्षांपूर्वी मी रायगड जिल्ह्यातील मुरुडजवळचा जंजिरा किल्ला पाहायला गेलो होतो. सिद्दींचा हा किल्ला चारही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. त्याचे नाव तुमच्या ओळखीचेच आहे. उर्दूत बेटाला जझीरा म्हणतात. त्याच अरबी शब्दाचे मराठीत 'जंजिरा' झाले. संध्याकाळी राजपुरीच्या किनाऱ्यावर उभे राहून मी मोबाइलने किल्ल्याचे बरेच फोटो काढले. माझ्या दादीला चालवत नसे, म्हणून किल्ला तिला घरीच दाखवायचा होता. तिने फोटो पाहिला आणि विचारले, "बेटा, यात किल्ला कुठे आहे? ही तर काळी रेघ दिसते."

दादीचे बरोबर होते. राजपुरी किल्ल्याच्या पूर्वेला आहे. संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या मागे जातो आणि आपल्याकडची भिंत सावलीत राहते. आपला डोळा चकाकणारे आभाळ पाहतो, मग अंधारी भिंत पाहतो, आणि दर वेळी स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र दोन्ही एकदम टिपावी लागतात. आभाळ नीट आले की भिंत काळी पडते.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात मी सकाळी लवकर गेलो. आता सूर्य माझ्या पाठीमागे होता. तिरप्या उन्हात प्रत्येक दगडाशेजारी छोटी सावली पडली होती आणि बुरुजांची गोलाई स्पष्ट दिसत होती. भरदुपारी ऊन डोक्यावरून येते, सावल्या आखडतात आणि तीच भिंत सपाट वाटते.

उजेडाचे जमले, पण फोटो अजून रिकामाच वाटत होता. वर आभाळ, खाली पाणी, मध्ये लहानसा किल्ला. मग होडीने किल्ल्यात गेलो. तिथे बुरुजांमध्ये तोफांसाठी कमानी ठेवलेल्या आहेत. पश्चिमेकडच्या एका कमानीतून निळा समुद्र दिसत होता. मी घाईने पुढे झालो आणि फोटो काढला. आले नुसते पाणी! तीन पावले मागे सरकलो, तेव्हा दगडी कमान चारही बाजूंनी आत आली आणि तोफेचे तोंडही आले. माणसाची नजर अंधाराकडून उजेडाकडे धावते, त्यामुळे ती थेट समुद्रावर जाते. शिवाय भिंत जवळ आणि समुद्र दूर आहे, हेही लगेच कळते. अशा कमानीला निसर्गाची किंवा वास्तूची चौकट म्हणता येईल.

इथेही एक अडचण आली. मोबाइलने अंधारी भिंत उजळण्याचा प्रयत्न केला आणि समुद्र पांढराफटक झाला. तेव्हा मी पडद्यावर समुद्राच्या जागी बोट टेकवले. कॅमेऱ्याने तिथला उजेड मोजला. पाणी निळे झाले, भिंत काळी पडली. राजपुरीला ज्या काळेपणाने फोटो बिघडवला होता, तोच इथे उपयोगी पडला.

चौकट शोधायला किल्लाच पाहिजे असे नाही. माडाची दोन खोडे, वडाची वाकलेली फांदी, लेण्याचे दार, काहीही चालते. मात्र काही जण प्रत्येक फोटोत फांदी घुसवतात. ते मला पटत नाही. फांदीने डोंगराचा माथाच झाकला तर ती कशाला हवी? आणि हो, फोटोसाठी तटाच्या कडेवर चढू नका. कमान तर आतूनच चांगली दिसते!

त्या कमानीपाशी मी बराच वेळ थांबलो होतो. दूरवरून मासेमारीची एक होडी येत होती. ती कमानीच्या बरोबर मध्ये आली, तेव्हा मी शेवटचा फोटो काढला आणि तोच कागदावर छापून घरी नेला.

दादीने तो हातात घेतला. या वेळी तिने काहीच विचारले नाही. आधी चष्मा मागितला आणि मग होडीतली माणसे मोजू लागली.