दुधाळ इंजिन ऑइल आणि जुनी मोटारसायकल

मोटारसायकलच्या इंजिन ऑइलमध्ये पाणी किंवा कुलंट मिसळले की ऑइल दुधाळ होते. डिपस्टिकवर दिसणारा तपकिरी, पारदर्शक थर जाऊन जास्त दूध घातलेल्या चहासारखा गढूळ रंग येतो आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आत सायीसारखा फेस चिकटतो. जुनी गाडी घेताना हा रंग दिसला की ‘हेड गॅस्केट गेली’ असे सांगून इंजिन उघडायची घाई होते. पण रंगावरून फक्त पाणी शिरले एवढेच कळते. ते कुठून शिरले, हे शोधायचे काम अजून बाकी असते.

पहिला प्रश्न गाडीच्या जातीचा. परभणी–मनमाड रेल्वेमार्गावरच्या पेडगावसारख्या गावात स्प्लेंडर, प्लॅटिना, शाईन अशा हवेने थंड होणाऱ्या गाड्याच जास्त चालतात. त्यांना रेडिएटरच नसतो, त्यामुळे कुलंट उतरण्याचा प्रश्न येत नाही. ऑइल दुधाळ झाले तर पाणी बहुधा बाहेरून आले असे समजावे. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल, किंवा धुताना प्रेशरचा फवारा इंजिनावर मारला असेल. यामाहाची आर१५ २००८ मध्ये आली, पल्सर २०० एनएस आणि केटीएम २०० ड्यूक २०१२ मध्ये. या गाड्यांत कुलंट असते, आणि आता त्या दोन-तीन हात बदलून स्वस्तात मिळतात. खरी तपासणी लागते ती इथे.

त्यातही दव वेगळे ओळखावे लागते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरतो. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो. अशा थंडीत गाडी घरापासून शेतापर्यंतच फिरली तर इंजिन पुरते तापत नाही आणि ती वाफ झाकणाला साय होऊन बसते. साय फक्त झाकणाला असेल, डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कुलंटची पातळी टिकून असेल, तर झाकण पुसून गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालवावी. साय परत धरली नाही तर ते दवच होते.

कुलंट घटत असेल तर मात्र त्याच्या दोन मुख्य वाटा आहेत, हेड गॅस्केट आणि वॉटर पंप. मोटारसायकलमध्ये पंप बहुधा इंजिनाच्या बाजूच्या कव्हरवर असतो. त्याच्या शाफ्टवर दोन सील असतात, एक कुलंट अडवणारे आणि दुसरे ऑइल अडवणारे. दोन्हींच्या मधून एक बारीक भोक बाहेर निघते. सील गेले की कुलंट या भोकातून जमिनीवर ठिबकावे, म्हणजे मालकाला वेळीच कळावे, अशी ती सोय आहे. पण काळ्या मातीच्या चिखलाने ते भोक बुजते, तर कधी कोणी गळती थांबवायला तिथे एम-सील लावून ठेवतो. बाहेरची वाट बंद झालेले कुलंट मग ऑइलकडचे सील ओलांडून आत जाते. म्हणून जुन्या गाडीचे हे भोक खाली बसून, टॉर्च लावून पाहावे. कुलंटऐवजी बोअरचे जड पाणी भरलेल्या गाडीत क्षार आणि गंज साचतात, त्याने सील लवकर झिजते.

पंपाच्या दोषात गाडी चालायला ठीक असते. धूर नसतो, कॉम्प्रेशन भरते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नाहीत. गॅस्केट गेली असेल तर थंड इंजिनाचे रेडिएटर झाकण उघडून गाडी चालू करताच बुडबुडे उठत राहतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही, आणि गाडी वारंवार तापते. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. उकळते कुलंट तोंडावर उडते.

विकणारा ऑइल नवे टाकून गाडी दाखवतो, त्यामुळे डिपस्टिकवर विसंबता येत नाही. शक्य असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चालू करण्याआधी ड्रेन बोल्ट हळूच सैल करावा. कुलंट ऑइलपेक्षा जड असते. ते तळाशी साचले असेल तर बोल्टाच्या कडेने आधी हिरवी किंवा निळी धार येते, मग ऑइल. ऑइल पुरते फेटले गेले असेल तर ते वेगळे होत नाही, पण तेव्हा रंगच साक्ष देतो. काढलेले कुलंट भांड्यात उघडे ठेवू नये. त्यातले ग्लायकॉल गोड लागते, आणि कुत्र्याने ते चाटले तर कुत्रे मरू शकते.

खात्री करायची तर ऑइल काढून, ड्रेन बोल्ट उघडा ठेवून रेडिएटरला दाबाचा काटा असलेला हातपंप लावावा आणि रेडिएटरच्या झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब द्यावा. काटा उतरू लागला आणि ड्रेनच्या भोकातून थेंब पडला तर गळती आत आहे. पंपाची सीले साधारण स्वस्त असतात, म्हणून पंप आधी उघडावा. गॅस्केट ठरलीच तर हेडची पातळी सरळ पट्टीने तपासल्याशिवाय नवी गॅस्केट बसवू नये.

दोष सापडेपर्यंत गाडी चालवू नये. इंजिन, गिअर आणि क्लच यांना तेच एक ऑइल असते. पातळ झालेले ऑइल बेअरिंगवर टिकत नाही आणि क्लच घसरू लागतो. दुरुस्तीनंतर स्वस्त ऑइल भरून इंजिन काही मिनिटे मंद चालवावे, ते काढावे, आणि स्वच्छ निघेपर्यंत हेच करावे. मग फिल्टर आणि नेहमीचे ऑइल टाकावे. शंभर किलोमीटरनंतर डिपस्टिक आणि कुलंटची पातळी पुन्हा पाहावी.