क्षणभराची भूक

लाइट जाते, इन्व्हर्टर सुरू होतो, पंखा फिरत राहतो. त्या वेळी १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअरसुद्धा वाहत असतात आणि हा लोंढा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो तो नखाएवढा मॉस्फेट. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या दुरुस्तीवाल्याला विचारा, ‘फेट उडालाय’ हे त्याचं रोजचं वाक्य. एवढा दणकट गडी उडतो तरी कशानं?

मॉस्फेटला तीन पाय. दोन पायांमधून मोठा प्रवाह जातो, तिसरा, म्हणजे गेट, नुसता हुकूम देतो. आणि गंमत बघा, गेट आतल्या सिलिकॉनला टेकलेलाच नसतो! मध्ये काचेच्या जातीचा थर असतो, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याइतका. गेटला व्होल्टेज दिलं की त्याच्या ओढीनं थरापलीकडे इलेक्ट्रॉन गोळा होतात आणि वाट उघडते. ५० अँपिअर चालू ठेवायला गेट किती प्रवाह खातो? जवळजवळ शून्य! १९५९ साली बेल लॅबमध्ये अटाला आणि कांग यांनी लावलेला हा शोध आहे.

मग अडतं कुठे? उघडण्या-मिटण्याच्या क्षणी. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठराविक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात. गेटही असाच आधी विद्युतभारानं भरावा लागतो, मगच वाट मोकळी होते. धरणाचं दार अर्धवट उघडं राहिलं तरी चालतं, मॉस्फेटला मात्र ती चैन परवडत नाही.

आयआरएफ ३२०५ हा नेहमीचा फेट घ्या. पूर्ण उघडल्यावर त्याचा रोध ८ मिलिओहम, म्हणजे ५० अँपिअरला २० वॅट उष्णता. पूर्ण बंद असताना काहीच नाही. पण अर्ध्या वाटेवर ६ व्होल्ट आणि २५ अँपिअर एकाच वेळी त्याच्या अंगावर! १५० वॅट! त्यात आणखी एक खोडी: २ ते ४ व्होल्टला तो ‘उघडतो’ असं माहितीपत्रक सांगतं, पण तेव्हा वाहतात फक्त २५० मायक्रोअँपिअर. खरं उघडायला १० व्होल्ट हवेत.

त्याचा गेट भरायला १४६ नॅनोकूलोंबपर्यंत भार लागतो. मायक्रोकंट्रोलरच्या पायातून २० मिलिअँपिअर दिले, तर ७.३ मायक्रोसेकंद. म्हणाल, एवढ्यानं काय होतंय? ५० किलोहर्ट्झला अख्खं चक्र २० मायक्रोसेकंदांचं, त्यातले साडेचौदा गेट भरण्या-उपसण्यातच गेले! २ अँपिअरचा धक्का द्या, तेच काम ७३ नॅनोसेकंदांत उरकतं. हा धक्का देणाऱ्या चिपला ड्रायव्हर म्हणतात.

भरता भरता गेटचं व्होल्टेज मध्येच अडून बसतं. प्रवाह वाहणाऱ्या दोन पायांमधलं व्होल्टेज कोसळत असताना येणारा सगळा भार तिकडेच ओढला जातो. जॉन मिलर यांनी हा परिणाम १९२० मध्ये निर्वात नळ्यांत दाखवला होता, ट्रान्झिस्टर जन्मायच्या कितीतरी आधी!

तेव्हा मंडळी, फेट बसवाल तर ड्रायव्हर गेटला अगदी खेटून बसवा, कारण लांब तारेत धक्का बोथट होतो. आणि हात लावण्याआधी अंगावरची स्थिर वीज उतरवा. गेटची मर्यादा २० व्होल्टची आहे, त्यापुढे त्या थराचा भरवसा नाही.