भर पाण्यात सुकणारं झाड

फ्लॅटमधल्या मनीप्लांटची पानं पिवळी पडली की आपला हात आधी तांब्याकडे जातो. पण कुंडीतली बरीच झाडं तहानेनं नव्हे, लाडानं मरतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून त्यांना ऑक्सिजन मिळतो. ती पोकळी पाण्यानं भरली की हा पुरवठा तुटतो, कारण पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. घुसमटलेली मुळं कुजतात, त्यांना पाणी शोषता येत नाही आणि झाड भर पाण्यात सुकतं.

म्हणून वार ठरवून पाणी घालू नका. बोटाची दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच घाला. पावसाळ्यात हात आणखी आखडता ठेवा. कुंडीच्या तळाला भोक हवंच. बशीत साचलेलं पाणीही ओतून टाका.