श्वास पुढे, हाडं मागे

नव्याने पळायला लागणाऱ्यांसाठी जगभर वापरली जाणारी 9 आठवड्यांची एक योजना आहे, ‘काउच टू फाइव्ह के’. जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणाने ती 1996 मध्ये तयार केली. आठवड्यातून 3 दिवस पळायचं. पहिल्या आठवड्यात 5 मिनिटं भरभर चालायचं, मग 60 सेकंद हळू पळायचं, 90 सेकंद चालायचं, आणि हे आलटून पालटून 20 मिनिटं चालू ठेवायचं. कागदावर हे इतकं किरकोळ दिसतं की एखादा धडधाकट माणूस तिसऱ्याच दिवशी ‘एवढ्याने काय होणार’ म्हणून पुढच्या आठवड्यावर उडी मारतो. बहुतेकदा त्याला ते जमतंही. धोका असतो तो या जमण्यातच.

पळायला सुरुवात केल्यावर शरीरात बरंच काही बदलतं, पण सगळं एकाच वेगाने बदलत नाही. सर्वांत आधी बदलतं रक्त. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढू लागतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ही वाढ 10 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जास्त रक्त बाहेर पडतं आणि तेवढ्याच कामाला ठोके कमी पुरतात. परवा ज्या चढावर थांबावं लागलं, तो आज न थांबता पार होतो.

त्यामागोमाग स्नायू. 1967 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले जॉन हॉलोझी यांनी उंदरांना 12 आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि त्यांचे पायाचे स्नायू तपासले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांमधली, ऑक्सिजन वापरणारी विकरं जवळजवळ दुप्पट सक्रिय झाली होती. दमदारपणा फक्त छातीत नसतो, तो मांडी-पोटरीच्या पेशींतही घडत असतो, हे या प्रयोगाने दाखवलं. व्यायामशास्त्रातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या शोधनिबंधांत मी त्याची गणना करेन. माणसातही हा बदल नियमित सरावाच्या 4 ते 6 आठवड्यांत चांगला जाणवण्याइतका होतो. स्नायूंमधल्या केशवाहिन्यांचं जाळंही याच काळात दाट होऊ लागतं.

म्हणजे महिना-दीड महिन्यात श्वास साथ देऊ लागतो आणि माणसाला वाटतं, आपण तयार झालो. पण त्याची हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा अजून पहिल्याच टप्प्यात असतात.

पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीनपट बल परत येतं. मिनिटाला साधारण 160 पावलं धरली तर 20 मिनिटांत 3200 पावलं होतात. या भाराला हाड प्रतिसाद देतं, पण त्याची पद्धत उलटी असते. ते आधी झिजतं आणि मग भरून येतं. विशिष्ट पेशी जुनं हाड काढून टाकतात, त्याला साधारण 3 आठवडे लागतात, आणि रिकाम्या जागी नवं हाड तयार व्हायला सुमारे 3 महिने. मधल्या काळात तिथलं हाड पूर्वीपेक्षा थोडं कमजोरच असतं. नेमका हाच काळ ‘आता दम लागत नाही’ म्हणत अंतर वाढवण्याचा असतो.

हे आधी लक्षात आलं ते सैन्यात. 1855 मध्ये ब्राइटहॉप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केलेल्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय नोंदवून ठेवले होते. कारण त्याला दिसणं शक्य नव्हतं. क्ष-किरणांचा शोध 1895 चा, आणि त्यानंतर दोनच वर्षांत कळलं की त्या पावलांमधल्या हाडांना बारीक भेगा गेलेल्या असतात. कुठे पडणं नाही, मार नाही, नुसतं रोजचं चालणं.

आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पाहिली की मला त्या सैनिकांची आठवण होते. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळायचं असतं. जाहिरात निघाली की तालुक्याच्या मैदानावर, गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे गर्दी होते. कालपर्यंत न पळणारी मुलं रोज जीव तोडून पळू लागतात, आणि काही आठवड्यांत नडगी धरून बसतात. त्यांची मेहनत कमी पडत नाही, हाडांना वेळ मिळत नाही. जाहिरातीची वाट न पाहता आधी काही महिने हळू पळणं सुरू करा, हे त्यांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

कंडरांचं गणित आणखी अवघड आहे. 1963 पूर्वीच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-14 एकदम वाढला आणि नंतर हळूहळू घटत गेला. शरीरातला एखादा ऊतक कधी घडला, हे त्याच्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये याच युक्तीने टाचेवरची कंडरा तपासली. तिचा गाभा वयाच्या पहिल्या सुमारे 17 वर्षांत घडतो आणि पुढे जवळजवळ तसाच राहतो, असं त्यांना आढळलं. सरावाने कंडरा ताठ आणि मजबूत होते, पण त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. चाळिशीत पहिल्यांदा बूट घालून निघणारा माणूस शाळेच्या मैदानावर घडलेल्या कंडरेवरच पळत असतो.

मग आठवड्याला किती वाढवावं? ‘10 टक्क्यांपेक्षा जास्त नको’ हा नियम धावणाऱ्यांत सर्रास सांगितला जातो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात सुमारे 500 नवशिक्यांवर त्याची परीक्षा झाली. एका गटाला 10 टक्क्यांच्या नियमाने 13 आठवड्यांची योजना दिली, दुसऱ्याला नेहमीची 8 आठवड्यांची. 2008 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण जायबंदी. म्हणजे टक्केवारी सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. एकाचं वजन जास्त, एकाचा घोटा पूर्वी मुरगळलेला, एकाचं दिवसभर उभ्याने काम. माझ्या मते ‘काउच टू फाइव्ह के’सारख्या योजनेतला आठवडा पुन्हा करण्याची मुभा हाच तिचा सर्वांत उपयोगी भाग आहे, आणि तोच लोक सर्वांत कमी वापरतात.

वेगाबद्दल मात्र मला शंका नाही: तो बेताचाच हवा. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या 800 मीटरच्या धावपटूकडूनही आठवड्याला 160 किलोमीटर पळवून घेतले, आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल 800 मीटरमध्ये, तर त्याच दिवशी मरी हॅलबर्ग 5000 मीटरमध्ये सुवर्णपदक घेऊन गेले. हेच लिडियार्ड पुढे ऑकलंडमध्ये मध्यमवयीन माणसांना रमतगमत पळायला शिकवत होते. पळता पळता शेजाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, एवढीच कसोटी. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग जास्त आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात हाच वेग आणखी कमी करावा लागतो, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला कातडीकडेही रक्त पाठवायचं असतं. उष्णतेला सरावायला शरीर 10 ते 14 दिवस घेतं.

आणि दुखण्याचं काय? पोटऱ्या भरून आल्या, दोन्ही पाय सारखेच जड झाले, तर एक-दोन दिवस चालण्यावर भागवावं. नडगीच्या आतल्या कडेने लांबपर्यंत दुखत असेल तर अंतर निम्म्यावर आणावं आणि वाढ थांबवावी. पण हाडावर बोट ठेवून ‘इथे’ असं नेमकं दाखवता येत असेल, आणि रात्री पडल्यावरही तिथे ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. अशी भेग पहिल्या आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं कायम असेल, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारावं.